कुणाचे नऊ वाजले?



आपल्या रेडिओवर आम्ही कधी गटाच्या हिशेबावर बोलतो, कधी शेळ्यांच्या आजारावर, कधी ग्रामसभेवर. आज घड्याळावर बोलणार आहोत. घड्याळात बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. प्रत्येकीच्या फोनवर वेळ दिसतेच.

पण बघा, आपल्या गटांतल्या कितीतरी घरांमधलं कुणी ना कुणी आता लांब आहे. कुणाचे मालक दुबईला, कुणाचा मुलगा कतारला, कुणाची भाची लग्न होऊन अमेरिकेला. काही गटांच्या गोधड्या आणि मसाले परदेशातल्या लोकांपर्यंत पोहोचतात, मग तिकडून व्हिडिओवर बोलायचा निरोप येतो. "उद्या नऊला बोलू." आता नऊ म्हणजे कुणाचे नऊ? आपले की त्यांचे? सकाळचे की रात्रीचे? आणि उद्या म्हणजे तरी कुणाचा उद्या?

हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. "कुणाची वेळ धरायची?" यावरून आपल्याच मुंबईत चाळीसहून जास्त वर्षं वाद चालला होता. संप झाले, सभा झाल्या, नगरपालिकेत मतदान झालं. ती गोष्ट आज सांगतो, आणि तिच्यातून आपल्या कामाचं काय हाती लागतं तेही बघू.

दिवस कासराभर वर

घड्याळ गावात यायच्या आधी आपल्या आज्या-पणज्या वेळ कशी सांगायच्या, आठवा. कोंबडं आरवलं. झुंजूमुंजू झालं. दिवस कासराभर वर आला. दिवस माथ्यावर आला. गुरं परतली, दिवेलागण झाली. या शब्दांवर सगळं काम चालायचं आणि कुणाची गल्लत होत नव्हती.

लग्नाच्या मुहूर्तासाठी मात्र नेमकी वेळ हवी असे. त्यासाठी घटिकापात्र होतं. तांब्याची छोटी वाटी, तिच्या तळाला बारीक छिद्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडायची. पाणी हळूहळू आत शिरायचं आणि वाटी बुडाली की एक घटका झाली. एक घटका म्हणजे आजची २४ मिनिटं. दिवस-रात्र मिळून ६० घटका, आणि एका घटकेची ६० पळं. "त्याची घटका भरली" असं आपण म्हणतो, ते या वाटीवरूनच.

या सगळ्या मोजणीला आधार सूर्याचा होता, आणि सूर्य ज्या त्या गावाचा वेगळा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावाला सूर्य आधी दिसतो, पश्चिमेच्या गावाला नंतर. पृथ्वीची एक फेरी ३६० अंशांची आणि तिला लागतात २४ तास. म्हणजे १५ अंशांना एक तास, आणि एका अंशाला चार मिनिटं. मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एवढं एक गणित वहीत लिहून ठेवा. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

गडचिरोली साधारण ८० रेखांशावर आहे आणि मुंबई साधारण ७३ वर. फरक सात अंशांचा, म्हणजे २८ मिनिटांचा. गडचिरोलीत दिवस माथ्यावर येतो, तेव्हा मुंबईत तो यायला जवळजवळ अर्धा तास असतो. बैलगाडीच्या काळात या अर्ध्या तासाने कुणाचं काही अडत नव्हतं. गडचिरोलीहून निघालेला माणूस मुंबईला पोहोचेपर्यंत कितीतरी दिवस मावळायचे. मधली मिनिटं मोजणार कोण?

आगगाडी आली आणि मिनिटं महाग झाली

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी गेली. पुढच्या वीस वर्षांत रूळ देशभर पसरले आणि एक नवी अडचण उभी राहिली. मुंबईचं घड्याळ वेगळं, मद्रासचं वेगळं, कलकत्त्याचं वेगळं. मुंबईत दुपारचे बारा, तेव्हा मद्रासला साधारण साडेबारा आणि कलकत्त्याला एक वाजून गेलेला. प्रत्येक स्टेशनावर त्या त्या गावाची वेळ धरली तर गाडीचं वेळापत्रक लिहायचं कसं? एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर यायची भीती, ती वेगळीच.

रेल्वेने मग मद्रासची वेळ धरली. कारण सरळ होतं. मद्रासला जुनी वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता येत होती, आणि मुंबई-कलकत्त्याच्या मध्ये असल्याने ती वेळ दोघांनाही फार लांबची नव्हती. म्हणजे मुंबईच्या माणसाला गाडी पकडायची तर मनात अर्धा तास मिळवावा लागे. शहराची वेळ एक आणि स्टेशनाची दुसरी.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की सरकारी कामकाजही मद्रासच्या वेळेने चालावं. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज यांच्याच नावाचं. मुंबईकरांना हे मुळीच रुचलं नाही. आमच्या डोक्यावर सूर्य आमचा, मग घड्याळ मद्रासचं का? दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

या वादात मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरच्या घड्याळाचाही प्रश्न आला होता. ते मुंबईच्याच वेळेवर राहिलं. हा टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्यासाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने, आणि नाव दिलं आपल्या आईचं, राजाबाईंचं. असं सांगतात की राजाबाई अंध होत्या आणि जैन धर्माप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. टॉवरचे टोले ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळायची. मुंबईचं सगळ्यांत नावाजलेलं घड्याळ एका बाईच्या नावाचं आहे, हे आपल्या मुलींना जरूर सांगा.

आनंदीबाई तिकडे असताना

अशीच अडचण अमेरिकेत याहून मोठी होती, कारण तो देश रुंदीला फार मोठा. तिथल्या रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला देशाचे पट्टे पाडले आणि एका पट्ट्यात एकच वेळ असं ठरवलं. त्या दिवशी गावोगावची घड्याळं मागेपुढे केली गेली.

योगायोग असा की आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेला पोहोचल्या होत्या आणि त्या वेळी फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होत्या. घड्याळाचा हा बदल त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. पण इकडे गोपाळरावांशी बोलताना त्यांना वेळेचा हिशेब करावा लागला नाही. कारण बोलणं पत्राने होतं आणि पत्र जहाजाने जात होतं. आज लिहिलेलं दुःख तिकडे कित्येक आठवड्यांनी पोहोचायचं. आज आपली मुलगी तिकडून रडली तर त्याच क्षणी आपल्याला ऐकू येतं. वेळेचं गणित आपल्या पदरात पडलं ते या जवळिकीमुळे.

पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. जगाची रेखांशं कुठून मोजायची हे ठरवायचं होतं. लंडनजवळच्या ग्रीनिचची वेधशाळा हे शून्य ठरलं. म्हणून आजही भारताची वेळ सांगताना "ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे" असं म्हणतात. ग्रीनिच आकाशात काही वेगळं नाही. तिथल्या नकाशांवर त्या काळची बहुतेक जहाजं चालत होती, म्हणून मतं तिकडे पडली.

वेळ विकणारी बाई

ग्रीनिचचा विषय निघाला तर एका बाईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिचं नाव रूथ बेलव्हिल. लंडनमधल्या घड्याळजींना आणि दुकानदारांना बरोबर वेळ हवी असे, पण प्रत्येकाने ग्रीनिचला कसं जायचं? रूथच्या वडिलांनी १८३६ मध्ये एक सेवा सुरू केली. एक उत्तम घड्याळ वेधशाळेत नेऊन बरोबर लावून घ्यायचं आणि ते घेऊन गिऱ्हाईकांच्या दारी जायचं. गिऱ्हाईक त्यावरून आपलं घड्याळ लावणार आणि त्याचे पैसे देणार.

१८५६ मध्ये वडील वारले. रूथच्या आईने, मारिया यांनी, हा धंदा पुढे ३६ वर्षं चालवला. त्यांच्यानंतर १८९२ पासून रूथने. घड्याळाला त्या "अर्नोल्ड" म्हणत, ते ज्याने बनवलं त्याच्या नावावरून. दर आठवड्याला ग्रीनिचला जायचं, घड्याळ तपासून घ्यायचं आणि लंडनभर पायी फिरायचं. १९०८ मध्ये तारेने वेळ विकणाऱ्या एका कंपनीच्या साहेबाने भर भाषणात या पद्धतीची टर उडवली. गंमत अशी की त्यामुळे रूथची फुकट जाहिरात झाली आणि धंदा चालूच राहिला. १९४० पर्यंत, वयाची ८५ वर्षं उलटेपर्यंत, त्यांनी हे काम केलं.

आईकडून लेकीकडे आलेला हा घरगुती धंदा शंभर वर्षांहून जास्त टिकला. त्यात भांडवल एका घड्याळाचं, बाकी सगळं नेमाने दारी जाण्याचं आणि शब्दाला जागण्याचं.

३९ मिनिटांचं भांडण

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. भारत सरकारने ठरवलं की १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच वेळ. त्यासाठी देशाच्या साधारण मधली रेघ निवडली, साडेब्याऐंशी रेखांशाची. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. आपलं गणित लावून बघा. साडेब्याऐंशी गुणिले चार, म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. ही झाली स्टँडर्ड टाइम. जुन्या लग्नपत्रिकांवर आणि पंचांगात "स्टँ. टा." असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते हेच.

मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. म्हणजे नव्या वेळेमुळे मुंबईच्या घड्याळांना ३९ मिनिटं पुढे उडी मारायची होती.

३९ मिनिटांचं ते काय, असं वाटेल. पण गिरणीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या बाजूने बघा. गिरणीचा भोंगा घड्याळाच्या ज्या आकड्याला वाजत होता त्याच आकड्याला वाजणार, पण घड्याळच ३९ मिनिटं पुढे केलेलं. म्हणजे खरं तर ३९ मिनिटं आधी, जानेवारीच्या अंधारात आणि थंडीत, दाराशी हजर व्हायचं. त्याच सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले होते आणि सूर्य मावळल्यावरही यंत्रं चालू ठेवली जात होती. दिवस आधीच लांबला होता, आता पहाटही गेली. गिरण्यांत बायकाही हजारोंनी होत्या, जास्त करून वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. घरचं पाणी भरून, भाकरी थापून, लेकरू शेजारी सोपवून त्या निघायच्या. त्यांची पहाट किती वाजता सुरू होत असेल याची कल्पना तुम्हा-आम्हाला वेगळी द्यायला नको.

जानेवारी १९०६ मध्ये मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं. दगडफेकही झाली. त्यांच्यासाठी हा झोपेचा आणि मजुरीचा प्रश्न होता.

शहरातले शिकलेले लोकही नाराज होते. त्यांचं कारण वेगळं होतं. नुकतीच बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ जोरात होती आणि सरकारने वरून लादलेली कुठलीही गोष्ट लोकांना खुपत होती. मुंबईच्या नगरपालिकेत सर फिरोजशहा मेहता यांनी मुद्दा मांडला की सरकारने लोकांना विश्वासात घेतलेलं नाही. नगरपालिकेने आधी नवी वेळ मान्य केली होती, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा मतदान करून ती जुन्या मुंबई टाइमवर परतली.

मग सुरू झाली दोन घड्याळांची गंमत. स्टेशनावर स्टँडर्ड टाइम, नगरपालिकेच्या मंडईवर मुंबई टाइम. कुणाला भेटायचं तर वेळ सांगून भागत नव्हतं, "कोणता टाइम?" हे विचारावं लागे. पारशी लोकांच्या काही अग्यारींमध्ये पूजेसाठी मुंबई टाइम पुढेही पाळला गेला. देश स्वतंत्र झाल्यावर, १९५० च्या सुमारास नगरपालिकेने आपला हट्ट सोडला आणि मग हळूहळू सगळं शहर एका वेळेवर आलं. कलकत्त्यानेही आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत जपली होती.

मधल्या काळात आणखी एक बदल होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सरकारने सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे ठेवलं होतं. त्या काळात जन्मलेल्या माणसाची जन्मवेळ लिहिताना ज्योतिषी आजही विचारतात, की हा तास धरलाय का.

त्या काळची भांडणं आता संपली, सूर्य मात्र तिथेच आहे. मुंबईत दिवस आजही घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही. सरासरी धरली तर १२ वाजून ३९ मिनिटांनी येतो, ऋतूप्रमाणे थोडा मागेपुढे. तुमच्या शाळेतल्या मुलींना अंगणात एक सरळ काठी रोवायला सांगा आणि सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते लिहायला सांगा. प्रत्येक गावाचं उत्तर थोडं वेगळं येईल. ती तुमच्या गावाची खरी दुपार.

चहाच्या मळ्यातला एक तास

एका देशाला एक वेळ, हे सोयीचं खरं. पण देशाच्या दोन टोकांना ती सारखी बसत नाही. गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलच्या पूर्व टोकापर्यंत साधारण २९ अंशांचं अंतर आहे. म्हणजे जवळजवळ दोन तास. आसामात उन्हाळ्यात साडेचारच्या सुमारास उजाडतं आणि हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधारून येतं.

म्हणून तिथल्या चहाच्या मळ्यांनी इंग्रजांच्या काळापासून आपलं वेगळं घड्याळ ठेवलं आहे. त्याला "बागान टाइम" म्हणतात. ते देशाच्या वेळेच्या एक तास पुढे असतं. मळ्याच्या घड्याळात नऊ, तेव्हा आपल्या घड्याळात आठ. चहाची पानं खुडणाऱ्यांत बहुतेक बायका असतात. उजेड असेल तेव्हा काम आणि अंधार पडायच्या आत घर, असं या वेळेमुळे साधतं. तेच घड्याळाचे काटे मुंबईत पुढे सरकवले तर कामगार चिडतात आणि आसामात सरकवले तर दिवसाचा उजेड नीट वापरता येतो. काटा पुढे करणं चांगलं की वाईट हे काट्यावरून ठरत नाही. त्या वेळेत राबणाऱ्याचा दिवस कसा जातो यावरून ठरतं, आणि ते त्यालाच विचारावं लागतं.

आपल्या फोनमधलं जग

आता आपल्या नऊ वाजण्याकडे येऊ. कोणता देश आपल्या किती पुढे-मागे आहे, हे गटाच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आम्हाला वाटतं.

दुबई आपल्या दीड तास मागे. आपले रात्रीचे नऊ, तेव्हा तिकडे साडेसात. कतार, कुवेत आणि सौदी अडीच तास मागे. आपले नऊ, तिकडे साडेसहा. मॉरिशसला आपल्या मराठी माणसांची वस्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, तेही दीड तास मागे. नेपाळ आपल्या फक्त १५ मिनिटं पुढे. या देशांचं घड्याळ वर्षभर तसंच राहतं.

इंग्लंड, अमेरिका आणि इस्रायल यांची गोष्ट वेगळी. तिकडे उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, म्हणून ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात परत मागे घेतात. ही चाल पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने सुरू केली आणि मग इतरांनी उचलली. त्यामुळे लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. कोकणातून गेलेले मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक ज्या इस्रायलमध्ये आहेत, ते हिवाळ्यात साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते, इंग्लंड शेवटच्या रविवारी. म्हणून मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत ठरलेली वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी.

दुसरी गल्लत वाराची. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. आपल्या बोलण्यातही तसंच आहे. "सोमवारी रात्री एकला" म्हटलं की सोमवारचीच रात्र आपण धरतो. घड्याळाचा वार मात्र मध्यरात्री बदलतो, त्याच्या लेखी तो मंगळवार झालेला असतो. लांबच्या माणसाशी ठरवताना वार, तारीख, वेळ आणि कुठली वेळ, चारही लिहावं. "१२ तारीख, सोमवार, भारतातले संध्याकाळचे सात." एवढं लिहिलं की गोंधळाला जागा उरत नाही.

झोप कुणाची मोडायची?

गणित झालं, पण खरा प्रश्न गणितानंतर येतो. समजा न्यूयॉर्कच्या एका संस्थेला तुमच्या गटाशी बोलायचं आहे. त्यांचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. त्यांना सोयीची वेळ म्हणजे नेमकी आपली धारा काढायची आणि चुलीपुढे बसायची वेळ. त्यांना दुपारी चार सोयीचे वाटले, तर आपल्याकडे रात्रीचे दीड किंवा अडीच.

अशा वेळी आपल्या बायका काय करतात? "चालेल" म्हणतात. समोरचा मोठा, पैसे त्याचे, मग वेळही त्याचीच. आम्ही गटांना सांगतो की दुसरी वेळही सुचवून बघा. आपल्याकडे सकाळचे सात, तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ. त्यांना एक दिवस जेवणानंतर बसावं लागेल, एवढंच. एकदा त्यांच्या सोयीने, एकदा आपल्या सोयीने, असं आळीपाळीने ठरवता येतं. आणि तुम्ही मागितल्याशिवाय ही वेळ कुणी देणार नाही, कारण तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं आणि लाइट किती वाजता जाते हे न्यूयॉर्कच्या माणसाला माहीतच नसतं.

पुण्या-मुंबईत आपल्या कितीतरी लेकी रात्रपाळीला जातात, त्यामागेही हेच गणित आहे. अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्र. तिकडच्या ऑफिसचं काम त्यांच्या दिवसा करायचं तर इथे कुणीतरी रात्री जागायला हवं. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, जो २०१७ चा आहे, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी सुखरूप पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. तुमच्या घरची मुलगी अशी नोकरी धरत असेल तर तिला हे माहीत असू द्या. १९०६ मध्ये फिरोजशहा मेहतांनी जे विचारलं होतं, "लोकांना विश्वासात घेतलं का?", त्याचं उत्तर आज निदान कायद्यात लिहिलेलं आहे. ते वापरणं आपल्या हातात आहे.

गटात बोलण्यासाठी

या आठवड्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. पहिली, आपल्या गटातल्या कुणाची माणसं कुठल्या देशात आहेत ते विचारा आणि त्या त्या देशाची वेळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावा. दुसरी, अंगणातली काठी रोवून आपल्या गावाची खरी दुपार शोधा. तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. आपल्या गटाच्या बैठकीची वेळ कुणी ठरवली, आणि त्या वेळेला कोण नेहमी उशिरा येतं किंवा येऊच शकत नाही, ते बघा. ज्या बाई मजुरीहून उशिरा परततात, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना कुठली वेळ जमेल हे विचारलं होतं का? लांबच्या देशांची वेळ जुळवायला निघालो आहोत, तर आधी आपल्या गल्लीतली जुळवून बघू.

तुमच्या गावाची दुपार किती वाजता झाली ते आम्हाला जरूर कळवा.